एक मात्रा मागे

४ नोव्हेंबर, मयूर विहार

हिंगणघाटच्या शाळेत आम्ही दोघे भाऊ कविता म्हणत असू, तो आवाज आज गाडीत पुन्हा ऐकू आला. चाकांचा ठेका होता म्हणून असेल. इंगोले गुरुजींनी स्वतः रचलेल्या दोन ओळी:

गाडीभर कापूस, वर बसला वारा,
बैलांनो, हळू चाला, निजला बिचारा.

मी पुढे, प्रफुल्ल मागे. तो माझ्याहून लहान, पण गुरुजी एकच आणि खोलीही एकच, म्हणून माझ्याच पट्टीवर बसायचा. माझं 'वारा' म्हणून संपायचं आणि मग त्याचं 'वारा' यायचं. एक मात्रा मागे. गुरुजी म्हणत, प्रफुल्ल्या, तुझी पॅसिंजर रोजचीच लेट हाय.

आमची गाडीही लेटच होती. निजामुद्दीनला उन्नती घ्यायला आली होती. लेक आता मोठी साहेबीण झाली आहे, नोएडाच्या कंपनीत माणसं तिला विचारून रजा घेतात. पण फलाटावर मला बघितल्याबरोबर तिने माझी टोपी सरळ केली, थेट तिच्या आईसारखी. मी तोंडाला मास्क लावून उतरलो तर सगळा फलाट मास्क लावून उभा. मी म्हटलं, अगं, माझ्या स्वागताला सगळी दिल्ली पेशंट होऊन आली काय. ती म्हणाली, बाबा, ये तो हर नोव्हेंबर का है, धूर आहे, बोलू नका, चला.

घर छान आहे. सोसायटी जुनी, बाल्कनीतून मेट्रो दिसते, पुलावरून आगकाडीच्या पेटीसारखी सरकत जाते. मला खिडकीजवळची खोली दिली आहे. नात मयुरा दुसरीत आहे. तिचं मराठी म्हणजे पाहुण्याने घातलेले यजमानाचे कपडे. आईने तिला सांगून ठेवलेलं की आजोबांची अस्थिमज्जा बिघडली आहे, ती बदलायला येताहेत. तिने मला गंभीरपणे विचारलं, आजोबा, आपकी मज्जा खतम हो गई? मी हसून हसून खोकलो. मग तिला मांडीवर घेऊन सांगितलं की एक मज्जा करायची असते आणि एक हाडांच्या आत असते, रक्त तिथे तयार होतं. तिने विचार केला आणि म्हणाली, तो मम्मा अपनी मज्जा आपको देगी, फिर मम्मा को मज्जा नहीं आएगी?

उन्नतीने तिला जेवायला पिटाळलं. पण मला आज फार बरं वाटतं आहे. गादीला नव्या कापसाचा वास आहे.

७ नोव्हेंबर

आज हॉस्पिटल. डॉक्टर अक्षता पुण्याच्या, वयाने उन्नतीएवढ्या. मला काका म्हणतात. बाहेर सगळा कारभार हिंदीत, आत त्यांच्या खोलीत मराठी. उन्हातून ओसरीवर आल्यासारखं वाटलं.

माझ्या दुखण्याची गोष्ट इथे एकदा लिहून ठेवतो. रक्ताचा कर्करोग. पहिल्या वेळी नागपूरला प्रफुल्लच्या मूळपेशी मला दिल्या. त्याची आणि माझी कुंडली पूर्ण जुळली, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. आमच्या घरात कुंडली जुळल्याचा हा पहिलाच प्रसंग. बाबांनी तर पत्रिका नावाचा कागद उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. प्रफुल्ल शेजारच्या खाटेवर सुई लावून पडला होता आणि म्हणत होता, घे दादा, माही मज्जा घे नि मज्जा कर. तेव्हापासून माझा रक्तगट बदलला. माझा गेला, त्याचा आला. रक्त काढून तपासलं तर त्यात मी नाही, प्रफुल्ल आहे.

गेल्या उन्हाळ्यात तो बसस्टँडवर बसल्या बसल्या गेला. हृदय. हातात उसाच्या रसाचा ग्लास तसाच होता.

आणि आता माझं दुखणं परतलं आहे. या वेळी पेशी उन्नतीच्या. पण त्याआधी जुनी मज्जा पूर्ण रिकामी करायला हवी, आणि या वयात नेहमीचे जोरकस किरण सगळ्या अंगाला दिले तर मी टिकणार नाही. म्हणून वेगळं औषध. डॉक्टर म्हणाल्या, काका, तुम्ही पोस्टमास्तर होतात ना, मग तुम्हाला लगेच कळेल. हे औषध म्हणजे पत्ता लिहिलेलं पाकीट आहे. पाकिटात किरणोत्सर्गी आयोडीन. शिरेतून सोडलं की ते बरोबर मज्जेतल्या पेशींच्या दारात जातं आणि तिथेच जळतं. शेजारीपाजारी फारसं कुणाला कळतही नाही.

मी विचारलं, आणि प्रफुल्लच्या पेशी?

त्या म्हणाल्या, त्याही जातील. पत्ता एकच आहे.

मी म्हटलं, तेवढ्या ठेवता नाही यायच्या? त्यांनी उन्नतीकडे पाहिलं, मग माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. काका, म्हणाल्या, ते तुमचे भाऊ नाहीत. पेशी आहेत.

औषध घेतलं नाही तर? होळी दिसणं कठीण, म्हणाल्या. गोड बोलल्या, पण बोलल्या.

१० नोव्हेंबर

दुपारी बाल्कनीत ऊन आलं होतं, धुरातून गाळलेलं, ताकासारखं. घरी कुणी नव्हतं. मी आपला मजेत कविता म्हणत बसलो. गाडीभर कापूस, वर बसला वारा.

वारा.

मी थांबलो. शेजारच्या बाल्कनीत कुणी नव्हतं. खाली भाजीवाला होता, तो गोभी गोभी करत होता. पुन्हा म्हणून पाहिलं. बैलांनो, हळू चाला, निजला बिचारा. आणि मी तोंड मिटल्यावर, कानाने नव्हे, कानाच्या मागच्या हाडात:

बिचारा.

आमच्या घरी भूत हा शब्द बोलायला बंदी होती. कुणाला झपाटलं, कुणाच्या अंगात आलं असं कानावर पडलं की बाबा म्हणत, आपल्याला दोनच दारं ठाऊक, विहार आणि शाळा. तिसऱ्या दाराशी जायचं नाही. मी आयुष्यभर गेलो नाही. म्हातारपणी कानात रक्ताचा ठोका ऐकू येतो, हे मी वाचलेलं आहे. ठोका तर ठोका. तो एक मात्रा मागे का पडतो, एवढंच वाचलेलं नाही.

संध्याकाळी उन्नतीने गवारीची भाजी केली होती, आमच्याकडची, दाण्याचं कूट घालून. दोन घास जास्त खाल्ले.

१३ नोव्हेंबर

आज खऱ्या औषधाच्या आधीची चाचणी. औषधाचा अगदी थोडा अंश देतात आणि तो कुठे कुठे पोचला ते मोठ्या कॅमेऱ्याखाली झोपवून बघतात. मला फार कुतूहल. आयुष्यभर टपाल पाठवलं, पण पाकीट पोचताना कधी पाहिलं नव्हतं.

पडद्यावर काळोख होता आणि काळोखात मी. पाठीचा कणा दिव्यांच्या माळेसारखा, कंबरेची हाडं उजळलेली. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मग माझं लक्ष डाव्या हाताकडे गेलं. कोपराखालचं हाड उजळलेलं होतं आणि मध्ये वाकलेलं.

माझा हात सरळ आहे.

प्रफुल्ल चिंचेवरून पडला होता, तेव्हा हाडवैद्याने बसवलेला हात वाकडाच जुळला. पुढे कापसाच्या जिनिंग गिरणीत कामाला लागला तेव्हा सगळे त्याला कोयता म्हणायचे, तोही हसून ओ द्यायचा.

डॉक्टरांनी मान वाकडी करून पाहिलं. या वयात तिथे मज्जा नसते काका, म्हणाल्या, तिथे उजेड दिसायलाच नको. तुम्ही हललात. पुन्हा झोपा. दुसऱ्या वेळी चित्र स्वच्छ आलं. हातात काळोख. त्या म्हणाल्या, बघा, हललाच होतात.

मी हललो नव्हतो.

१६ नोव्हेंबर

आता तो मागे नाही. बरोबर म्हणतो.

मी 'गाडीभर' म्हणतो तेव्हा तोही 'गाडीभर' म्हणतो. एकाच दमात. शाळेत हे त्याला एकदाही जमलं नव्हतं.

शेवटी उन्नतीला सांगितलं. ती लॅपटॉप मिटून माझ्याजवळ जमिनीवर बसली. आधी हसली, काका कविता म्हणतोय म्हणजे मजेत आहे की. मग तिचा चेहरा बदलला. बाबा, तुम्हाला औषध घ्यायचं नाहीये ना? म्हणून हे चाललंय ना? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, काका तुमच्या हाडात राहत असेल ना, तर त्याला माझा निरोप सांगा. म्हणावं, आई गेली, तू गेलास, आता माझ्या माहेरचा हा एकच माणूस उरलाय, यार. जागा खाली कर.

आणि रडायला लागली. एवढ्या मोठ्या ऑफिसातली बाई, नाक पुसायला माझं धोतर ओढलं तिने, लहानपणी ओढायची तसं.

मी सगळ्या कागदांवर सह्या केल्या.

१८ नोव्हेंबर

तो पुढे गेला.

सकाळी दाढी करत होतो. तोंड मिटलेलं, गालाला साबण. मी काही म्हणत नव्हतो. आणि आतून सुरू झालं, गाडीभर कापूस. मी नकळत मागून ओढला गेलो. वर बसला वारा. तो पुढे, मी एक मात्रा मागे.

वस्तरा खाली ठेवला. आरशात मी एकटाच होतो. ओठ तेवढे हलत होते.

२० नोव्हेंबर, हॉस्पिटल

ही खोली तळमजल्याच्या टोकाला आहे. भिंतीत शिसं, दारात शिसं. खिडकी नाही. औषध शिशाच्या पेटीतून आलं, पाण्यासारखं दिसत होतं, हळूहळू शिरेत उतरलं. मग सगळे बाहेर गेले आणि दार लागलं.

आता माझ्या अंगातूनच किरण निघतात. मी कुणाच्या जवळ जायचं नाही, कुणी माझ्या जवळ यायचं नाही. दोघी सिस्टर मिळून दार ढकलतात, जेवणाचं ताट आतल्या फळीवर ठेवून निघून जातात. बोलणं भिंतीतल्या यंत्रावरून. वाल्मीकजी, खाना रखा है, ठंडा मत करना. आवाज प्रेमळ आहे. मीटरवर माझा आकडा उतरेपर्यंत हे असंच. ही वहीसुद्धा माझ्याबरोबर बाहेर येणार नाही. काही महिने शिशाच्या कपाटात राहील, मग उन्नतीला देतील.

उन्नती वरच्या मजल्यावर दाखल झाली आहे. तिच्या पेशी आताच काढून गोठवून ठेवणार आहेत. त्या वाढाव्यात म्हणून तिला सुया सुरू केल्या. फोनवर म्हणाली, बाबा, घाबरू नका, मैं ऊपर ही हूँ, छताला टकटक केलीत तरी ऐकू येईल.

अंगात काही जाणवत नाही. डॉक्टर म्हणालेच होत्या, काही जाणवणार नाही.

मग तो का गप्प आहे?

२१ नोव्हेंबर

गप्प नाही. धडपडतो आहे. कंबरेत, पाठीत, छातीच्या मधल्या हाडात. खोलीत कोंडलेला माणूस एकेका दाराला हात लावून बघतो, तसा.

जेवणानंतर कविता सुरू झाली. दोन ओळी झाल्या. मी सुटकेचा श्वास टाकला, कारण कविता तेवढीच आहे. गुरुजींनी दोनच ओळी केल्या होत्या.

त्याने तिसरी म्हटली.

कापूस पेटला, दादा, कुठे जाईल वारा?

२२ नोव्हेंबर

दिवसभर तीच ओळ. यंत्रावरून सिस्टरना म्हटलं, आत कुणीतरी आहे. त्या म्हणाल्या, आपके सिवा कोई नहीं है, वाल्मीकजी, टीवी लगा दूँ?

शेवटी मी खाटेवर बसून मोठ्याने बोललो. प्रफुल्ल, म्हटलं, मला जगायचं आहे. पोरगी वर सुया टोचून घेते आहे माझ्यासाठी. तू दिलेलं सगळं पावलं रे मला. आता सोड.

ओळ थांबली. मग अगदी त्याच्या नेहमीच्या आवाजात, बसस्टँडवर निघताना म्हणायचा तसं:

बरं मंग. येतो, दादा.

आणि मी म्हटलं, ये.

तोंडातून निघून गेलं. निघणाऱ्याला 'जा' म्हणायचं नाही, हे वळण आईने लावलेलं. जाणारा 'येतो' म्हणतो, राहणारा 'ये' म्हणतो. आयुष्यभर प्रत्येकाला म्हटलं, पाहुण्याला, जावयाला, मनीऑर्डर घेऊन निघालेल्या म्हाताऱ्यांना. 'जा' म्हणायचं ठरवून बसलो होतो, आणि 'ये' म्हटलं. वर 'सावकाश ये' असंही म्हटलं.

२३ नोव्हेंबर

शांत. हाडं रिकामी. आकडा उतरतो आहे, डॉक्टर यंत्रावरून हसल्या, व्वा काका.

मुद्दाम कविता म्हणून पाहिली. माझा एकट्याचा आवाज. वारा म्हटलं, नि पुढे काहीच नाही. रडू आलं, आनंदाचंच असावं.

दुपारी उन्नतीचा फोन. आवाज थकलेला. सगळी हाडं ठणकताहेत, म्हणाली. सुयांनी तसं होतंच म्हणे, सगळ्यांना होतं. मग हसली. बाबा, असं वाटतंय ना, की कुणीतरी आत सामान लावतंय.

पत्ता बदलला की माणसाचं टपाल नव्या पत्त्यावर जातं. हातांनी शिक्के मारलेत मी तसले.

मी म्हटलं, उन्नती, पेशी देऊ नकोस.

म्हटलं, बेटा, ऐक—

तिने विचारलं, का? पण मी 'पेशी' म्हणायच्या आधीच विचारलं तिने. माझ्या एक मात्रा पुढे.

२४ नोव्हेंबर

डॉक्टरांना सांगितलं. थांबवा म्हटलं. काका, म्हणाल्या, तुमची मज्जा आता नाही. तिच्या पेशी आल्या नाहीत तर तुम्ही— मी म्हटलं, चालेल. मी गेलो तर चालेल, तिला सुई लावू नका. त्या म्हणाल्या, शांत व्हा, औषधाने होतं असं, भास होतात.

फोन लागत नाही तिचा.

घंटा दाबतो आहे. कुणी—

सिस्टर म्हणतात, बेटी तो ऊपर सो रही है। म्हणतात, अभी देखकर आई हूँ।

पण दाराचा खटका वाजला. शिशाचं दार. हे दार एका माणसाने ढकलत नाही, मी पाहिलं आहे, दोघं लागतात—

उन्नती.

हॉस्पिटलचा झगा, हाताला सुई तशीच, नळी लोंबते आहे. अनवाणी. मी ओरडलो, आत येऊ नकोस, माझ्या अंगात किरण आहेत, बेटा, मागे हो. हसते आहे. पोरीला आमच्या गावची बोली कधी आली नाही, माझ्या बदल्यांमागे वाढली, मग दिल्लीत आली, दोन शब्द बोलताना अडखळायची—

काहून गा दादा, म्हणते. जागाच हायेस?

मी म्हणतो आहे, जा. या वेळी म्हणतो आहे, नीट म्हणतो आहे, जा, जा. शब्द बाहेर— ती खाटेपाशी आली. चादर उचलते. सरक न थोडा, म्हणते, दोघं झोपत होतो नं एका वाकळीत, सरक, मले बी जाग—